मुरत ठेवलेली वर्षं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे, तिचा एक थेंबही मी आजवर चाखलेला नाही आणि पुढंही चाखणार नाही. ती वस्तू म्हणजे वाइन. ऑस्ट्रेलियातली, लाल, फार महागडी आणि वीस-तीस वर्षं तळघरात मुरत ठेवावी लागणारी. 'थांबणं' या विषयावर बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मला हीच आठवली. न पिणाऱ्यानं मद्याविषयी बोलावं का, असं कुणी विचारेल. उर्दूत रियाज खैराबादी नावाचे शायर होऊन गेले. मद्यावरच्या शेरांसाठी त्यांचं नाव. पण आयुष्यात त्यांनी प्याला हातात धरला नाही असं सांगतात. मी त्यांच्या पायाशी बसतो आणि बोलायला लागतो.

माझं बालपण तासगावच्या बाजूला गेलं. माझे अब्बा दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर रोजंदारीनं काम करत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, मग घड, मग शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, हे आमच्या घरचं पंचांग होतं. बेदाणा तयार झाला की नाही, ते अब्बा दोन बोटांत दाबून सांगत. आम्ही पोरं घाई करायचो. ते म्हणायचे, "रुक जरा, उसकू उसका टाइम दे."

मार्च २०१८ मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ॲडलेडला गेलो. बाळंतपणाच्या घरात पुरुषमाणसाला काम काय? दूध आणून दिलं की मी मोकळा. एके दिवशी जावई म्हणाले, "अब्बा, तुम्हाला द्राक्षाचे वेल पाहायचे होते ना? मॅगिल इथून जवळच आहे." शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी हे मॅगिल. चारी बाजूंनी घरं, रस्ते, मोटारी आणि मधोमध सुमारे पाच हेक्टरांची बाग शिल्लक राहिलेली. आमच्याकडे मांडवावर चढणारे वेल, इथं तारेवर बांधलेले बुटके. आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, तिथं हिवाळ्यात एकच. पण पान तेच आणि त्या पानाचा उन्हातला वासही तोच.

बागेत दगडी भिंतींचं एक लहानसं घर आहे. १८४४ साली इंग्लंडहून आलेले डॉक्टर ख्रिस्टोफर रॉसन पेनफोल्ड आणि त्यांची बायको मेरी तिथं राहत. डॉक्टर रोग्यांना शक्तिवर्धक म्हणून वाइन देत. ती करण्याचा कारभार मेरीबाई पाहत. घराचं नाव 'ग्रेंज'. आज ज्या वाइनची गोष्ट सांगतोय, तिला हेच नाव पडलं.

बाग दाखवणाऱ्या बाई वयस्क होत्या. मी आधीच सांगून टाकलं, "मी पीत नाही." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग नुसतं ऐका." आणि त्या आम्हाला भुयारात घेऊन गेल्या. थंड, अंधारी, लांबलचक भुयारं. तिथं त्यांनी मॅक्स शुबर्टची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो.

हा मॅक्स शुबर्ट १९१५ साली बरोसा खोऱ्याच्या कडेला मोकल्टा नावाच्या वस्तीत जन्मला. त्या भागात जर्मन वंशाचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या राहत होते. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मन नाव असणं हाच संशय होता. १९१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या लुथरन शाळा सरकारनं बंद केल्या, पुढं गावांची जर्मन नावं बदलली. अशा समाजातला हा मुलगा १९३१ मध्ये पेनफोल्ड्स कंपनीत निरोप्या म्हणून लागला. दुसऱ्या महायुद्धात तो ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती होऊन लढला, परत आला आणि १९४८ मध्ये कंपनीचा मुख्य वाइनकार झाला. हे वाचताना मी थोडा थबकलो. "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं काय लिहिता?" हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल! विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण प्रत्येक वेळी आपण आपल्याच घराच्या दारात उभे राहून आत यायची परवानगी मागतोय असं वाटतं.

त्या काळी ऑस्ट्रेलियात लोकांना आवडायच्या त्या गोड, कडक पोर्ट आणि शेरी. १९५० साली कंपनीनं शुबर्टला त्याच शिकायला स्पेन आणि पोर्तुगालला पाठवलं. जाता-येता तो फ्रान्समधल्या बोर्दोला गेला. तिथं त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या लाल वाइन चाखायला मिळाल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या जिवंत होत्या. त्याच्या मनानं घेतलं की आपल्या मातीतूनही असं काही निघालं पाहिजे, जे निदान वीस वर्षं जगेल.

अडचण अशी होती की बोर्दोची द्राक्षं म्हणजे काबर्ने सोव्हिन्यों वगैरे जाती आणि त्या दक्षिण ऑस्ट्रेलियात पुरेशा नव्हत्या. मुबलक होतं ते शिराझ. शुबर्टनं नक्कल करण्याचा नाद सोडला आणि जे घरात होतं तेच घेतलं.

आता शिराझ म्हटल्यावर माझ्यासारख्याचे कान टवकारणारच! शिराझ म्हणजे इराणातलं हाफिजचं गाव. धर्मयुद्धाहून परतणाऱ्या एका सरदारानं ही वेल पूर्वेकडून फ्रान्सला आणली अशी दंतकथा आहे. मलाही ती फार आवडायची. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी या वेलीची जनुकं तपासली आणि तिचे आईबाप फ्रान्समध्येच सापडले: द्युरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश. म्हणजे नाव इराणी वळणाचं, कूळ फ्रेंच. १८३२ साली जेम्स बस्बी नावाच्या गृहस्थानं युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात आणल्या आणि त्यानंतर ही वेल तिथं अशी रुजली की तिला कुणी परकी म्हणेना. वेलीला तिच्या नावावरून कुणी जाब विचारत नाही, ती फळ कसं देते तेवढं पाहतात.

१९५१ साली शुबर्टनं पहिला प्रयोग केला. रस हळूहळू, बारा दिवस आंबवला. साली त्यात बुडत्या ठेवल्या, म्हणजे रंग आणि तुरटपणा पुरता उतरावा. मग अमेरिकन ओक लाकडाच्या पाच नव्या पिंपांत, दर पिंपात सुमारे तीनशे लिटर, ती वाइन भरली. तुलनेसाठी तीच वाइन एका मोठ्या जुन्या पिंपातही ठेवली. शेतकरी नवं बियाणं पेरताना एक वाफा जुन्याचा ठेवतो, तसंच हे.

पुढं तिचं रूप ठरत गेलं. ही एका बागेची वाइन नाही. बरोसा, मॅकलारेन व्हेल, मॅगिल अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून सगळ्यांत चांगला माल निवडून त्याचा मिलाफ करायचा. बहुतांश शिराझ आणि बऱ्याच वर्षी थोडं काबर्ने. शिराझ अंग देतं, काबर्ने कणा देतं. काही वर्षी निव्वळ शिराझच. दीड वर्षाच्या आसपास नव्या पिंपांत, मग बाटलीत आणि बाजारात यायला चार-पाच वर्षं. तिथून पुढं विकत घेणाऱ्याची पाळी. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार हवा, बारा ते पंधरा अंशांचा गारवा हवा आणि हलवाहलव नको.

या थांबण्यात आत काय घडतं? मराठीत त्याला नेमका शब्द आहे: मुरणं. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि लाकडात तुरट द्रव्य असतं, त्याला टॅनिन म्हणतात. ताज्या वाइनमध्ये ते जिभेला आवळून धरतं, कच्च्या जांभळासारखं. वर्षं जातात तसे हे कण एकमेकांना आणि रंगाच्या कणांना धरतात, मोठे होतात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. रंग जांभळ्याचा विटकरी होत जातो. फळाचा वास मागं सरतो आणि चामडं, मसाले, सुकी पानं असे वास पुढं येतात, असं जाणकार सांगतात. पण मुळात तुरटपणा, आंबटपणा आणि रसाचा दाटपणा हे तिन्ही भरपूर असतील तरच हे होतं. म्हणून जी वाइन पन्नास वर्षं जगणार असते, ती पहिली पाच वर्षं पिणाऱ्याला त्रासच देते.

आणि नेमका इथंच घोटाळा झाला.

१९५६ पर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या बाटल्या तयार झाल्या होत्या. बराच पैसा तळघरात अडकला होता. सिडनीतल्या मुख्य कचेरीला कुतूहल वाटलं. बडे अधिकारी आणि नामांकित चवदार मंडळी जमली. शुबर्टनं आपली सगळी वर्षं त्यांच्यापुढं ठेवली आणि एकेकानं तोंड वाकडं केलं. एकानं तर रानफळांच्या काढ्यात मुंग्या चिरडल्यासारखी चव आहे असं सुनावलं. १९५७ च्या हंगामाआधी लेखी हुकूम आला की हे उत्पादन बंद करा.

श्रोतेहो, त्या लोकांना आपण हसू नये. त्यांची जीभ खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी त्या पेल्यात जे होतं ते खरोखरच कडू होतं. शुबर्टजवळही पुरावा नव्हता. बोर्दोत चाखलेल्या त्या जुन्या वाइनची आठवण आणि स्वतःचा अंदाज, एवढंच.

त्यानं हुकूम मोडला. सिडनी हजाराहून अधिक किलोमीटर दूर. ॲडलेडचा कारभार पाहणारा, पेनफोल्ड घराण्यातलाच जेफ्री पेनफोल्ड हायलंड त्याच्या पाठीशी उभा राहिला. १९५७, १९५८, १९५९ अशी तीन वर्षं ही वाइन मॅगिलच्या भुयारांत लपवून केली गेली. नव्या पिंपांना पैसे मागायची सोय नव्हती, म्हणून जुनी पिंपं वापरली. मी ज्या अंधारात उभा होतो, तिथंच कुठंतरी ती तीन वर्षं दडवून ठेवलेली होती.

मधल्या काळात पहिल्या वर्षांच्या बाटल्या आपलं काम गुपचूप करत होत्या. त्या मऊ होत गेल्या. पुन्हा चव घेतली गेली तेव्हा तीच माणसं वेगळं बोलू लागली आणि १९६० च्या हंगामाआधी हुकूम आला की पुन्हा सुरू करा. सुरू करायला ती थांबलीच कुठं होती! १९६२ साली सिडनीच्या स्पर्धेत १९५५ च्या वाइनला सुवर्णपदक मिळालं. पुढं त्या एकाच वर्षाच्या वाइननं पन्नासांहून अधिक पदकं मिळवली. १९७९ साली पॅरिसच्या स्पर्धेत १९७१ ची ग्रेंज शिराझच्या गटात पहिली आली. शुबर्ट १९७५ मध्ये निवृत्त झाला, १९८८ मध्ये 'डिकँटर' या ब्रिटिश मासिकानं त्याचा वर्षाचा मानकरी म्हणून गौरव केला आणि १९९४ मध्ये तो वारला. १९५१ पासून एकही वर्ष सुटलेलं नाही, ते त्या लपवलेल्या तीन वर्षांमुळं. २००१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टनं या वाइनला वारशाचा दर्जा दिला. १९५१ ची एक बाटली २०२० नंतरच्या लिलावांत लाखाहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरना गेली. गंमत म्हणजे ती कुणी प्यायला घेत नाही. संग्रहातला तेवढा एक खण रिकामा राहू नये म्हणून घेतात.

त्या लपवलेल्या वर्षांचीच एक गोष्ट सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, बॅरी ओफॅरल यांना पद सोडावं लागलं. कुणीतरी त्यांना ग्रेंजची एक बाटली भेट दिली होती, त्यांच्या जन्मवर्षाची, १९५९ ची. चौकशीत त्यांनी शपथेवर सांगितलं, अशी बाटली मिळाल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हातची आभाराची चिठ्ठी पुढं आली. त्यांनी मुद्दाम दिशाभूल केली नाही असं चौकशी आयोगानं नंतर म्हटलं; पण पद गेलं ते गेलं. ज्या वर्षी ही वाइन करायलाच बंदी होती, त्या वर्षाची बाटली आता 'आठवत नाही' म्हणण्याजोगी राहिलेली नव्हती.

आता माझ्या स्वतःच्या गोष्टीकडे येतो. खरं तर ती सांगण्यासाठीच हे सगळं सांगितलं.

१९९३ साली मी पंचविशीत होतो. बेदाण्याच्या शेडवर, अब्बांवर, आमच्या मोहल्ल्यावर मी चाळीस कविता लिहिल्या. त्यात आईची दखनी होती, शेतातली मराठी होती, नमाजातले शब्द होते. एका मासिकाच्या संपादकांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी ती चाळली आणि शांतपणे म्हणाले, "धड मराठी नाही, धड उर्दू नाही. कोण वाचणार?" मी वही उचलली, घरी येऊन ट्रंकेत टाकली आणि वर आईच्या रजया रचल्या.

भुयारात उभा असताना मला ती ट्रंक आठवली आणि क्षणभर छाती फुगली. वाटलं, आपणही एक शुबर्टच! पण बाहेर उन्हात आल्यावर लाज वाटली. शुबर्टला बंदी आली, तेव्हा त्यानं पुढची तीन वर्षं तेच काम केलं. मला नकार आला, तेव्हा मी भाषाच बदलली. पुढची पंचवीस वर्षं स्वच्छ, सोवळ्या मराठीत लिहिलं. संग्रह निघाले, सत्कार झाले. पण आईचा शब्द पुन्हा ओळीत आला नाही. मी काही मुरत ठेवलं नव्हतं. घाबरून पुरून टाकलं होतं.

त्या बाईंनी निघताना आणखी एक माहिती दिली होती. १९९१ पासून पेनफोल्ड्सची माणसं ठिकठिकाणी जाऊन लोकांच्या जुन्या बाटल्या तपासतात. बाटली पंधरा वर्षांहून जुनी असावी लागते. बूच मालकासमोर काढतात, घोटभर चव घेतात. वाइन चांगली असेल तर त्याच वाइनचा थोडा ताजा भर घालून नवं बूच बसवतात आणि तसा दाखला देतात. बिघडली असेल तर दाखला मिळत नाही. वर्षानुवर्षं जपलेली बाटली गेलेली निघाली, की मालकाचा चेहरा पाहवत नाही, असं बाई म्हणाल्या.

नातवाचं तोंड पाहून परत आलो आणि आठवड्यानं ट्रंक उघडली. रजया बाजूला केल्या. वही सापडली, कोपरे कसरीनं खाल्लेले. एका दुपारी चाळीसच्या चाळीस कविता वाचल्या. एकतीस गेलेल्या होत्या. संपादक पुष्कळसे बरोबर होते. नुसता कडूपणा होता, आत रस नव्हता. तो पंचवीस वर्षांत कशात बदलणार? पण नऊ कविता जिवंत निघाल्या. त्यातल्या एकीत अब्बा बेदाणा दोन बोटांत दाबून पाहतात. अब्बांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ती कविता मी बायकोला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्या नऊ कवितांत मी दोन-चार शब्दांचा ताजा भर घातला, अधिक काही नाही. एकतीस कविता फाडल्या नाहीत. वेगळ्या बांधून ठेवल्या, पण त्यांना दाखला दिला नाही. आणि त्याच महिन्यापासून पुन्हा आईच्या भाषेत लिहायला बसलो. वयाच्या पन्नाशीत घातलेली ही वाइन केव्हा तयार होईल ते मला ठाऊक नाही. मी तिची चव घेईनच असंही नाही. शुबर्टनं लपवलेल्या बाटल्या त्याच्यानंतरही लोक उघडत राहिले, तसं माझं कुणी काही उघडेल का, हे मी कसं सांगू?

श्रोतेहो, तुमच्याही घरात एखादी ट्रंक असेल. त्यात कविता नसतील. अर्धवट सोडलेलं गाणं असेल, मोडलेलं दुकान असेल, न पाठवलेलं पत्र असेल. ते मुरतंय की नासलंय, हे झाकण उघडल्याशिवाय कळायचं नाही. उघडाल तेव्हा जीभ मात्र खरी ठेवा. आणि जे चांगलं निघेल त्यात थोडा ताजा भर घाला, नवं बूच लावा. बाकीचं त्याच्या वेळेवर सोडा.

अब्बा म्हणायचे तसं, उसकू उसका टाइम दे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)